पुरवठादार एकच, दर पाच: गोव्यातलं वीजबिल तोलायचं कसं

मोबाईलला रेंज मिळेना की आपण कंपनी बदलतो आणि नंबरही तोच ठेवतो. विजेचं तसं का करता येत नाही? पावसाळ्यात एका संध्याकाळी चार वेळा लाईट गेली की म्हापशापासून काणकोणपर्यंत हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. ज्यांचे नातेवाईक इंग्लंडात आहेत (आणि बार्देश-सासष्टीत असे कितीतरी) त्यांना तर तिकडून फोनवर ऐकायला मिळतं, 'आम्ही गेल्या महिन्यात कंपनी बदलली, वर्षाला एवढे पाऊंड वाचले.'

थेट उत्तर असं की गोव्यात घरगुती ग्राहकाला वीजपुरवठादार बदलता येत नाही. बदलायला दुसरा कुणी नाहीच. आणि जो आहे तीही कंपनी नाही, ते सरकारी खातं आहे. बहुतेक राज्यांनी आपली वीज मंडळं मोडून कंपन्या केल्या. गोव्यात मात्र खांब, तारा, मीटर, बिल, सगळं अजून वीज खात्याच्याच हाती आहे.

म्हणून दर तोलण्यासारखं काही उरत नाही, असं मात्र नाही. उलट आपल्याकडे एकाच बिलात चार-पाच वेगवेगळे दर लपलेले असतात आणि बहुतेक लोक खालची एकूण रक्कम बघून बिल घडी घालून ठेवतात. निवड कंपन्यांमध्ये नसली तरी शेवटचं युनिट कितीला पडतं, जोडणी कुठल्या वर्गात (घरगुती की व्यापारी) आहे, छपरावर पॅनल बसवायचं की नाही, भात गॅसवर शिजवायचा की इंडक्शनवर, हे सगळं आपणच ठरवतो. महिन्याला जे पैसे वाचायचे ते तिथेच वाचतात.

तिकडे बदलतं म्हणजे नक्की काय बदलतं

ब्रिटनमध्ये 1999 पर्यंत घरगुती वीजबाजार पूर्ण खुला झाला. तिथे कंपनी बदलली म्हणून कुणी नवी तार ओढायला येत नाही. खांब तोच, मीटर बहुतेक तोच, लाईट गेली तर दुरुस्तीला येणारी माणसंही त्याच वायर-कंपनीची. बदलतो तो घाऊक बाजारातून वीज विकत घेऊन आपल्याला बिल पाठवणारा व्यापारी. त्यामुळे 'कंपनी बदलली की लाईट जाणार नाही' हा आपल्याकडचा समज तिथेही खरा ठरत नाही.

त्यांच्या दरपत्रकात दोन आकडे महत्त्वाचे असतात. एक रोजचा ठरावीक आकार, वीज वापरा किंवा न वापरा. दुसरा दर युनिटचा भाव. कमी वापराच्या घराला पहिला आकडा बोचतो, जास्त वापराच्या घराला दुसरा. शिवाय भाव वर्षभर गोठवलेला आहे की बदलता आणि मध्येच सोडून गेलं तर दंड किती, हेही बघावं लागतं. बाजार खुला असूनही 2019 पासून तिथल्या नियामकाला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली, कारण जे लोक कधीच कंपनी बदलत नाहीत त्यांच्याकडून कंपन्या जास्त पैसे काढत होत्या. मग 2021 मध्ये घाऊक गॅसचे भाव उसळले आणि त्या एका हंगामात पंचवीसहून जास्त पुरवठादार बुडाले. त्यांचे ग्राहक अंधारात बसले नाहीत, त्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे वळवलं गेलं, पण स्वस्त करार गेला तो गेलाच.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं. उपनगरांत एकाच भागात दोन परवानाधारक आहेत, टाटा पॉवर आणि आताची अदानी इलेक्ट्रिसिटी, म्हणजे आधीची रिलायन्स आणि त्याआधीची बीएसईएस. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये टाटाला घरगुती ग्राहकांना वीज विकायला हिरवा कंदील दिला आणि पुढच्या वर्षापासून लोक दुसऱ्याच्या तारेवरून टाटाची वीज घेऊ लागले. यात एक गोम होती. आधी कोण गेले? ज्यांचं बिल मोठं ते. मागे राहिले छोट्या बिलाचे ग्राहक, ज्यांचा स्वस्त दर मोठ्यांच्या महाग दरातून भागवला जात होता. मग महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने जाणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी सरचार्ज बसवला आणि स्वस्त दराचा बराच फायदा त्यात गेला. मुंबईत आजही दोन कंपन्यांची तुलना करताना नुसता युनिटचा भाव बघून चालत नाही. वहन आकार (तारा वापरण्याचं भाडं), इंधन समायोजन (इंधन महागल्याची वसुली) आणि असले अधिभार मिळवल्यावरच खरं कळतं.

कायद्यात वाट आहे, घरापर्यंत नाही

2003 चा वीज कायदा स्पर्धेला बंदी करत नाही. एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देता येतो, पण तिने स्वतःचं वितरण जाळं उभारायला हवं. सांग्याच्या एखाद्या वाड्यावर दहा घरांसाठी समांतर खांब कोण रोवणार? दुसरी वाट ओपन अॅक्सेसची, म्हणजे वीज खात्याच्या तारा भाड्याने वापरून तिसऱ्याकडून वीज घेणं. ती 1 मेगावॉटच्या वरच्या ग्राहकांसाठी आहे. अक्षय ऊर्जेसाठी 2022 च्या नियमांनी ती मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. वेर्ण्याचा कारखाना किंवा मोठं हॉटेल त्यात बसतं. आपल्या घराचा मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) असतो तीन, पाच, फार तर दहा किलोवॉट.

एकाच तारेवरून अनेक कंपन्यांना वीज विकता यावी, अशी तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. केंद्रशासित प्रदेशांत खाजगीकरण झालं, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवमध्ये 2022 पासून टॉरेंट आली, पण तिथेही एका मक्तेदाराच्या जागी दुसरा आला इतकंच. ग्राहकाला निवड मिळाली नाही. 'खाजगी झालं की स्पर्धा येईल' असं चहाच्या गाड्यावर कुणी म्हणालं तर ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

मग आपला दर ठरवतं कोण? वीज खातं नाही आणि कायद्याप्रमाणे मंत्रीही नाहीत. ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग. हा आयोग केंद्रशासित प्रदेशांसाठी स्थापन झाला, 2008 मध्ये गोवा त्यात आला, आणि त्याचं कार्यालय गुरुग्रामला आहे. खातं वर्षाचा खर्च मांडतं, आयोग हरकती मागवतो, जनसुनावणी होते, मग दरआदेश निघतो. या सुनावणीला उद्योगांचे प्रतिनिधी फायली घेऊन येतात. घरगुती ग्राहक फारसे फिरकत नाहीत, आणि मग एप्रिलनंतर बिल वाढलं की वर्तमानपत्रात पत्रं लिहितात.

गोव्याचे घरगुती दर शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी आहेत, हे दोडामार्ग-सावंतवाडीत सोयरिक असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आपलं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. वीज येते मुख्यतः केंद्राच्या वाट्यातून, कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या कोळसा केंद्रांतून. यातली जुनी केंद्रं खाणींच्या तोंडाशी आहेत आणि त्यांचं भांडवल कधीच फिटलं आहे. त्यात उद्योग आणि व्यापारी वर्ग जास्त दर भरतात, आणि तरीही उरणारी तफावत राज्य सरकार अर्थसंकल्पातून भरत आलं आहे. स्वस्ताई आहे, पण तिचा काही भाग आपणच दुसऱ्या खिशातून भरतो.

शेवटच्या युनिटची किंमत

आता बिल समोर घ्या. गोव्यात घरगुती वापराचे टप्पे महिन्याला 100 युनिटचे आहेत: पहिली 100, मग 200 पर्यंत, 300 पर्यंत, 400 पर्यंत आणि त्यावरची. प्रत्येक टप्प्याला वेगळा, चढता भाव. प्रत्यक्ष भाव दरआदेशाप्रमाणे बदलतात आणि तुमच्या बिलावर छापलेले असतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी इथे गोल आकडे धरतो: 2, 3, 4, 5 आणि 6 रुपये.

पर्वरीतलं एक घर धरा. महिन्याचा वापर 430 युनिट. पहिल्या शंभराचे 200 रुपये, दुसऱ्याचे 300, तिसऱ्याचे 400, चौथ्याचे 500 आणि वरच्या 30 युनिटचे 180. एकूण 1580. सरासरी काढली तर युनिट साधारण 3 रुपये 67 पैशांना पडलं. बरेच लोक इथेच थांबतात आणि हीच सरासरी धरून पुढचे सगळे निर्णय घेतात.

पण समजा त्या घराने 60 युनिट वाचवली. सरासरीने बघाल तर 220 रुपये वाचायला हवेत. प्रत्यक्षात 370 युनिटचं बिल होतं 1250, म्हणजे वाचले 330. वाचवलेली युनिटं नेहमी वरून कापली जातात, सगळ्यात महाग टप्प्यातून. उलटही तितकंच खरं. मे महिन्यात मुंबईहून पाहुणे येतात, दोन खोल्यांत एसी लागतो, आणि ती वाढीव युनिटं सगळी सहा रुपयांनी मोजली जातात. म्हणून नवीन वस्तू घेताना विचारायचं ते 'युनिटला सरासरी किती' हे नाही, तर 'माझं शेवटचं युनिट कुठल्या टप्प्यात पडतं' हे.

पंख्याचं बघा. जुना छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 28 ते 30 वॉट. रोज बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिटांच्या जागी दहा-अकरा. चार पंखे बदलले तर साठ-पासष्ट युनिट वाचतात. पर्वरीच्या त्या घराला महिन्याला तीनशेच्या वर रुपये सुटतील. पण डिचोलीत एकटी राहणारी आजी महिन्याला 90 युनिट जाळत असेल तर तिने चारही पंखे बदलून सव्वाशेच वाचतील, आणि चार पंखे तिच्याकडे चालतही नसतील. तोच पंखा, तेच खातं, पण एका घरात पैसे लवकर वसूल होतात आणि दुसऱ्यात जुना पंखा बिघडेपर्यंत थांबलेलं बरं.

एक गोष्ट मात्र दर वेळी तपासा, आणि ती म्हणजे बिल किती दिवसांचं आहे. मीटर वाचणारा उशिरा आला, घर बंद होतं, दोन महिन्यांचं बिल एकदम आलं, असं होतं. 430 युनिट जर 60 दिवसांची असतील तर टप्पेही दुप्पट धरले पाहिजेत: पहिली 200 युनिट 2 रुपयांनी, पुढची 200 तीन रुपयांनी, उरलेली 30 चार रुपयांनी. हे होतात 1120. टप्पे न वाढवता एकाच महिन्याचे धरले तर तेच बिल 1580. म्हणजे 460 रुपयांचा फरक, केवळ तारखांमुळे. बिलावरच्या मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा, दिवस मोजा, आणि पहिल्या टप्प्यात किती युनिटं धरलीत ते जुळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

युनिटांखेरीज बिलात आणखी ओळी असतात. फिक्स्ड चार्जेस हे मंजूर भारावर, दर किलोवॉटला, वापर शून्य असला तरी. गोव्यात घरगुती ग्राहकाला हा आकडा लहान आहे, त्यामुळे भार कमी करून घेण्याच्या खटपटीत फार काही हाती लागत नाही. उलट दोन एसी लावून भार जुनाच ठेवला तर कधीतरी तपासणीत सापडतो. एफपीपीसीए नावाची ओळ म्हणजे खात्याला वीज खरेदी अंदाजापेक्षा महाग पडली तर त्या फरकाची वसुली. ही खाली-वर होते आणि दर न वाढता बिल वाढल्याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. तिच्याबरोबर राज्य सरकारचं वीज शुल्क असतं. दोन बिलांची तुलना करायची तर आधी युनिटं बघा, मग दिवस, मग एफपीपीसीए. शेवटची रक्कम सगळ्यात शेवटी.

वर्ग बदलला की सगळंच बदलतं

गोव्यात ज्याने घाम फुटतो तो फरक टप्प्यांचा नाही, वर्गाचा आहे. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या, जोडणी घरगुतीच ठेवायची, हे किनारपट्टीत सर्रास चालतं. कायद्याच्या 126 व्या कलमात याला अनधिकृत वापर म्हणतात. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याखेरीज दुसऱ्या कामासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि गैरवापर कधी सुरू झाला ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. खोल्या भाड्याने देण्याच्या धंद्यात उतरायचं असेल तर स्वतंत्र मीटर आणि योग्य वर्ग, हा खर्च आधीच हिशेबात धरावा. घरबांधणीसाठीची तात्पुरती जोडणीही महाग पडते, म्हणून काम संपल्यावर ती कायम करून घेण्यात आळस नको.

एकत्र घराचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. जुन्या मोठ्या घरात तीन भावांच्या तीन चुली, मीटर एकच, वापर 600 युनिट. हेच तीन मीटरांवर 200-200 असते तर कुणीच वरच्या टप्प्यात गेलं नसतं. आपल्या गोल आकड्यांनी एका मीटरवर 2600 रुपये होतात, तीन मीटरांवर मिळून 1500. खरोखर वेगळी बिऱ्हाडं असतील, पंचायतीचे घरक्रमांक वेगळे असतील, वायरिंग वेगळं केलेलं असेल, तर वेगळ्या जोडणीसाठी रीतसर अर्ज करणं हा आपला हक्क आहे. एकाच बिऱ्हाडाने केवळ स्वस्त टप्पा दोनदा वापरायला दुसरा मीटर मागितला तर मात्र तो मिळू नये, आणि तसं होतं तेव्हा ते बरोबरच आहे असं मला वाटतं.

छपरावरचा दुसरा पुरवठादार

घरगुती ग्राहकाला कायद्याने मिळालेला खरा पर्याय म्हणजे सूर्य. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण 78 हजार रुपयांचं केंद्राचं अनुदान आहे. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो, आणि बिल फरकाचं येतं.

विकणारे सांगतात, 'पाच वर्षांत पैसे वसूल.' कुणाचे? एक किलोवॉट पॅनल महिन्याला सरासरी 120 युनिट देतं असं धरा. पर्वरीच्या घरात दोन किलोवॉट बसवले तर 240 युनिट वजा होतात, आणि ती वरून वजा होतात. उरतात 190 युनिट, त्याचे 470 रुपये. महिन्याला 1110 वाचले. किलोवॉटला 65 हजार खर्च धरला तर एक लाख 30 हजारांतून 60 हजार अनुदान वजा जाता 70 हजार. साधारण सव्वापाच वर्षं. विक्रेता खरं बोलला.

आता 150 युनिट वापरणारं साखळीतलं घर घ्या. बिल 350 रुपये. एक किलोवॉट बसवलं तर 30 युनिट उरतात, बिल 60, बचत 290. खर्च 65 हजार वजा 30 हजार, म्हणजे 35 हजार. वसूल व्हायला दहा वर्षं. गोव्याची स्वस्त वीजच इथे सौरऊर्जेच्या आड येते. कमी वापराच्या घराने घाई करण्यासारखं काही नाही, ज्याच्या बिलात चौथा-पाचवा टप्पा दर महिन्याला दिसतो त्याने मात्र कोटेशन मागवायला हरकत नाही.

विक्रेते सहसा तीन गोष्टी सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग किती ते सांगायला नको, तेव्हा वार्षिक सरासरी बघा, मे महिन्याची नव्हे. दुसरं म्हणजे साधी, बॅटरी नसलेली यंत्रणा खात्याची लाईट गेली की आपणही बंद होते. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या पॅनलचा झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लाईट जाते म्हणून सोलर बसवणाऱ्यांची इथे निराशा होते, त्यांना बॅटरीचा वेगळा खर्च धरावा लागतो. आणि तिसरं कागदांचं. बिल अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घराचे हिस्सेदार चार आणि त्यातला एक लिस्बनला. अर्ज बिलावरच्या नावाने करायचा असतो. आधी नाव बदलून घ्या. पॅनल बसवायला दोन दिवस लागतात, नाव बदलायला किती ते घरातल्या माणसांवर आहे.

सौर यंत्रणा 10 किलोवॉटपर्यंतची असेल तर तांत्रिक तपासणीच्या नावाखाली अर्ज अडवून ठेवता येत नाही, 2024 च्या नियमदुरुस्तीने तो आपोआप मंजूर धरला जातो.

चूल कशावर

स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र आपल्याला रोज दोन-तीन पुरवठादारांत निवड करता येते, फक्त आपण तसं बघत नाही. सिलिंडरच्या बाबतीत त्याच कंपनीचा दुसरा वितरक ऑनलाइन निवडता येतो. भाव तोच राहतो, सेवा बदलते. नळाच्या गॅसला तेवढीही निवड नाही: उत्तर गोव्यात गोवा नॅचरल गॅस, दक्षिणेत इंडियन ऑइल-अदानी गॅस, आणि तुमच्या रस्त्यावर पाइप आला असेल तरच.

तीन इंधनांचे भाव तीन मापांत असल्याने डोकं चक्रावतं, म्हणून एकाच मापात आणूया. 14.2 किलोच्या सिलिंडरमधली उष्णता आणि शेगडीवर वाया जाणारा भाग धरला तर एक सिलिंडर साधारण 135 युनिट इंडक्शनच्या बरोबरीचा. नळाच्या गॅसचे 17 ते 18 घनमीटर तेवढंच काम करतात. म्हणून सिलिंडरचा आजचा भाव 135 ने भागा. समजा सिलिंडर 860 रुपयांना आहे, तर उत्तर येतं 6 रुपये 37 पैसे. विजेचं तुमचं शेवटचं युनिट यापेक्षा स्वस्त असेल तर इंडक्शन फायद्याची. आपल्या धरलेल्या दरांनी पाचव्या टप्प्यातल्या घरालाही ती थोडी स्वस्तच पडते, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या घराला निम्म्याहून कमी.

पण हिशेब तिथे संपत नाही. पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर नेला की तीच 135 युनिटं तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलतात. म्हणून मधला मार्ग बरा: डाळ-भाताचा कुकर, दूध, चहाचं पाणी विजेवर, भाकरी आणि चवथीची मोठी भांडी गॅसवर. शिवाय लाईट जाते तेव्हा सिलिंडर घरात असलेला बरा, हे गोव्यात कुणाला समजवायला नको.

घड्याळाप्रमाणे दर, आणि बिल चुकलं तर

पुढे येणारा बदल वेळेनुसार दराचा. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकाला दिवसाच्या सौर तासांत नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के स्वस्त वीज आणि मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकाला किमान 10 टक्के महाग, असा आराखडा आहे. कोणते तास आणि नेमका दर किती ते आयोग ठरवतो, तेव्हा आपल्या बिलावर तशी ओळ आहे का बघत राहा. पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं दुपारी हलवता येतात. संध्याकाळी सातला घरी येऊन एसी लावणाऱ्याला मात्र यातून पळवाट नाही.

बिल अचानक दुप्पट आलं तर आधी मीटरचं रीडिंग स्वतः फोटो काढून बिलाशी जुळवा. मीटरवरच संशय असेल तर लेखी तक्रार करा. तक्रारीनंतर पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर ताडून बघायचा, असं 2024 ची नियमदुरुस्ती सांगते. उपविभागीय कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. तक्रार देताना पोच घ्यायला विसरू नका, तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

वाद चालू आहे म्हणून पैसेच न भरणं हा मात्र धोका आहे. कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती 'निषेधासह' असं लिहून भरली तर निकाल लागेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. याच कलमाप्रमाणे, पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटलेली आणि मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सतत न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही. जुनी बिलं किमान दोन वर्षं फाइलला लावून ठेवायची ती यासाठी.